वाढीची चार बोटं

—इथंच बस बापा, इथंच, ओट्यावर. आत कायले जातं? आत टिनं तापले, मशीनीभोवती चिंध्याच चिंध्या पडल्या, पाय ठेवाले जागा नाही. आन् जरा हळू बोल, बेबीचा खुर्चीतच डोळा लागला असन. — हो, तिनंच बोलावनं धाडलं तुले, मालूम हाय मले. तुही माय बनाबाई झंपर शिवाले टाकाले आली तवा बोलली, माहा सहदेव आला म्हने, अकरा वर्षं झाले बोटीवर खोल्या झाडते, लोकाइचे बिछाने घालते, आठ दिवसाच्या रजेवर आला, आन् उद्या सकाळच्या गाडीनं नांदुऱ्याहून मुंबईले चाल्ला. मी कापड कापून राह्यली होती, कात्री जागच्या जागी थांबली माही. पन बेबीनं आतून आयकलं ना! पाय गेले तिचे, कान नाही गेले. लगेच म्हन्ली, बनामावशी, त्याइले म्हना मले भेटून जा, बोटीतली खोली कशी असते ते इचाराचं हाय मले. — त भेट ना, मी कुठं नाही म्हन्ते? पन आधी माह्याशी बोल. मी तिची माय हाय.

तसं काही मनात आनू नको हां, बाहेर बसवलं म्हनून. तसं नाही. ते आमच्या सासूचं होतं, रुखमाबाईचं. तिच्या वक्ताले तुह्या बापासाठी त्या कोनाड्यात येगळा कप होता, खरं हाय, नाही कशी म्हनू? आता तुमी लोकं बुद्धाचे झाले, जमाना बदलला, गेलं ते सारं. — कप? कप हाय अजून कोनाड्यात. राह्यला तसाच. कोनी काढलाच नाही. पन तुह्या हातातला तो नोहे, तो घरातला हाय, बेबी ज्याच्यात पिते तोच. घे, घे ना, थंडा होऊन राह्यला.

त सांग मले, खोली केवढी राह्यते? इथून त्या निंबापर्यंत? — नाही? मंग मशीनीपासून चुलीपर्यंत म्हन. तेवढीच? आन् तेवढ्यात पलंग, तेवढ्यात न्हानी, आन् त्याच्यात चाकाची खुर्ची फिरली पाहिजे! बोटीच्या हापिसवाल्यानं लिहिलं, ही खोली बाकी खोल्याइसारखी नाही, बोटीच्या दवाखान्याशेजारची हाय, ज्याइले चालता येत नाही त्याइच्यासाठी राखलेली, अशी एकच हाय साऱ्या बोटीत. — तू झाडली हाय तशी खोली? स्वतः? बरं. मंग तुले इचारलेलं बरं. पलंग जमिनीले ठोकलेला राह्यते? काऊन? — हो, हो, बोट हालते ना. कशी हालते? गाडी नाल्यात उतरते तशी, का एस्टी घाटात वळते तशी? — दोन्ही! आगं माय. मंग खुर्ची त इकून तिकडे जाऊन भिंतीवर आदळन! — बांधता? पलंगाच्या कडीले, पट्ट्यानं. बरं, बांधली. आन् रातच्याले तिले उठा लागलं, त सोडन कोन? — घंटी. उशाशी घंटी, दाबली का मानूस येते. गडीमानूस? पोरीबाळीच्या खोलीत? — बाई असते. गोव्याची. तिले आपलं बोललेलं समजते? थोडं समजते. थोडं समजून काय होते? बेबी कधी पानी मांगत नाही, तुले सांगते, घसा कोरडा पडला का दोनदा खोकलते, बस. मले ते कळते. गोव्याच्या बाईले कळन का ते?

— न्हानीत भिंतीले दांडा हाय? पितळेचा? दोन्हीकून? म्हंजे इकडचा एक धरला, तिकडचा एक धरला, त मानूस आपला आपला खुर्चीतून उठून — हात त तिचे मजबूत हायेत, दिवसभर काज-बटनं करते, विहिरीचा दोर देला त वढन — मंग त ती स्वतःच — नाही, मी आपली म्हनून पायलं. आमच्या न्हानीत दांडा नाही. माहा खांदा हाय.

थांब. खुर्ची वाजली का आतून? कडूबा सुतारानं सायकलीचे चाकं बसवून देली तवापासून कुई-कुई करते, तेल घातलं तरी करते. — नाही ना? मंग टिनावर खार असन.

तुह्या मनात येत असन, हे बाई एवढं खोदून कायले इचारते. इचारा लागते, बापा. तुले सारं मालूम नाही. माहा मोतीराम, तुह्याहून दोन वर्षानं लहान, शाळेत होता ना तुह्या मागं — भुसावळच्या लोकोशेडात शिकला, तिथून आफ्रिकेत गेला, मोंबासाले, रेल्वेत लागला. चार वर्षं झाले. त्याचं पत्र आलं का मी तीनदा वाचते. आता लिहिते, आई, इथं आपल्या लोकाइचे वीस-पंचवीस लेकरं हायेत, त्याइले मराठी शिकवाले मास्तरीन पाहिजे, बेबीले पाठव. मॅट्रिक केली ना तिनं, घरी बसून, बाहेरून. मलकापूरले पेपर होते, एस्टीत मांडीवर घेऊन गेली मी, सात दिवस. पास झाली तवा साऱ्या वडनेरात एक मी पेढे वाटत फिरली आन् ती घरात. — हो, घरात. कशी येईन ती? मोतीराम लिहिते, शाळेले उंबरा नाही, माह्या घराले उंबरा नाही, सारं सिमिटाचं सपाट हाय, बेबी आपली आपली फिरन. असं लिहिते. जसं काही इथं तिले कोनी फिरवतच नाही!

मले बोलावलं का? बोलावलं ना. तू बी ये म्हन्ला, सारी एक ओळ हाय तशी पत्रात. मी त गाठोडंही बांधलं असतं. पन बेबीच म्हन्ली — मी तिची वेनी घालून राह्यली होती तवा, पाठमोरी होती ती, तोंड नाही दिसलं मले — म्हन्ली, आई, तू नको येऊ. एकडाव मले एकटीनं जाऊन पाहू दे. खामगावचं एक जोडपं हाय म्हने त्याच बोटीवर, ते नजर ठेवतीन. मी वेनी पुरी केली. रिबीन बांधली.

आन् चढवता कसं बोटीवर? शिडी राह्यते ना? — दोन खलाशी धरता, खुर्चीसगट वर. रोजचं काम हाय त्याइचं? पडलं नाही कधी कोनी? — नाही. बरं. आन् न्हानीच्या दाराले उंबरा राह्यते म्हने, पानी खोलीत येऊ नये म्हनून? केवढा? बोलू नको, हातानं दाखव. — चार बोटं? चारच? एवढ्या मोठ्या बोटीले चार बोटाइचा उंबरा? हास, हास, मले नाही येऊन राह्यलं हासू. आन् त्याच्यावर उतरती फळी टाकता, खुर्ची सरळ आत. फळी! सातवी शिकलेली बाई मी, माह्या डोक्यात नाही आली कधी फळी.

आमचा वीतभर हाय. पाह्य ना, तुह्या उजव्या हाताले. सागाचा हाय, सासऱ्यानं बसवला. रोज हळदकुंकू पडते त्याच्यावर.

आता आयक. मी तुले एक काम सांगते. तुहं काही जात नाही त्याच्यात. बेबी जवा इचारन ना, त तिले एवढंच सांगजो — खोली लय लहान हाय. दार अरुंद हाय. तुही खुर्ची नाही जात त्याच्यातून. बाकी काही सांगू नको, दांड्याचं नको, फळीचं नको, घंटीचं त बिलकूल नको. तू बोटीवरचा मानूस, तुह्या तोंडाचं ती मानन, रडन दोन दिवस, मंग — असं काऊन पाह्यतं माह्याकडे? खोटं बोलाले नाही सांगून राह्यली मी. खरंच नाही जात खुर्ची. हापिसाचं पत्र हाय तसं. — हो, आलं. दाराची रुंदी सव्वीस इंच, आन् खुर्ची अठ्ठावीस. कशी जाईन, सांग? — परवा आलं. नाही, परवा नाही, आठ दिवस झाले. इंग्रजीत होतं, मी शाळेत जाऊन शंकरराव गुरुजीकून वाचून घेतलं. गुरुजी म्हन्ले, ते नाही म्हनत नाहीत गीताबाई, माप पुन्हा पाहून दहा तारखेच्या आत कळवा म्हन्तेत, नाही त खोली दुसऱ्याले देतो. आज सात. — बेबीले? नाही सांगितलं. रोज इचारते, आई, टपाल आलं? मी म्हन्ते, नाही आलं. कोठीत हाय, ज्वारीखाली. तुले सांगितलं ते तुह्याजवळच राहू दे, बापा. तुह्या मायची आन हाय तुले.

— काय अठ्ठावीस नाही? तू कुठं पायली खुर्ची? — हो, दारातून दिसते ना. मघा आला तवाच नजर टाकली म्हन. अकरा वर्षं तेच करून राह्यला तू, तुही नजर बसली त्याच्यावर. पन नजरेचं काय खरं? मी मोजली ना! टेपनं मोजली. हा टेप, गळ्यातला, अंघोळीले काढते तेवढाच. पहिलं पत्र आलं, खुर्चीची रुंदी चाकासगट किती ते कळवा म्हनून, तवा बेबी खाटेवर होती, मले म्हन्ली, आई, मोज बरं. मी वाकली, मोजली, म्हन्लं अठ्ठावीस. तिनं लिहिलं. तिच्या हातानं लिहिलं, मोत्यासारखं अक्षर हाय तिचं, अठ्ठावीस इंच, खाली रेघ मारली. मले म्हन्ली, बराबर मोजलं ना आई? मी म्हन्लं, तीस वर्षं झाले मोजून राह्यली, मले शिकवतं का?

आता हाताची सवय म्हन बापा तू. शिवनकामाचा हात हाय. लेकराचं माप घेतलं का चार बोटं वाढीचे धराचे, झबलं असो का पोलकं असो. साऱ्या बाया तेच म्हन्तेत, गीताबाई, जरा वाढतं शिवा, दोन वर्षं गेलं पाहिजे अंगावर. तुह्या मायनं तुह्या सदऱ्याले बी तेच म्हन्लं होतं, तू पहिलीत होता, गुडघ्यापर्यंत आला होता तो सदरा, सारे हासले होते तुले. तसेच गेले असतीन याच्यात चार बोटं. टेप धरला का हात आपोआपच —

— काय? पुन्हा बोल.

हो. लाकडाची हाय खुर्ची. लाकूड काय वाढते?

चाकं काय वाढते सायकलीचे?

पंचवीस भरली होती. पंचवीसच. मी डोळ्यानं पायलं पंचवीस आन् तोंडानं म्हन्लं अठ्ठावीस. घे. बोलली मी. आता जाऊन गावभर सांग.

— नाही सांगत? मंग बस खाली. बस, उठू नको असा. कप खाली काऊन ठेवला, अर्धा हाय अजून. तुले काय वाटते, मी वैरीन हाय तिची? जाऊन पाह्य मशीनीवर काय हाय ते. तिचेच झंपर हायेत, सहा, मोतीरामनं पैसे पाठवले त्या कापडाचे, चार झाले, पाचवं लावलं हाय. दिवसभर तिच्या जान्याचे कपडे शिवते आन् तिचं पत्र ज्वारीत पुरून ठेवते, अशी मी हाय. मलेच कळत नाही कशी हाय मी. सहा वर्षाची होती, ताप आला, चार दिवसानं ताप गेला आन् पायातलं बळ घेऊन गेला. तवापासून मी उचलते. सकाळी खाटेवरून उचलते, न्हानीत नेते, उन्ह खाली आलं का ओट्यावर आनते, दिवे लागाच्या आधी आत नेते. सोळा वर्षं. तिचा बाप होता तवा बी मीच, तो गेल्यावर बी मीच. मोतीराम गेला. ती बी गेली त मी या हाताइनं उचलू काय, सांग ना, कापडाचे गठ्ठे? — माही कंबर गेली हाय, दोन वर्षं झाले. तिले नाही सांगितलं. तिले उचलतानी गानं म्हन्ते मी, कन्हलेलं आयकू जाऊ नये म्हनून.

आन् आता बोललीच हाय त तेही आयक. चार वर्षाआधी कडूबानं खुर्ची करून आनली, या ओट्यावर ठेवली, उंबरा पायला आन् म्हन्ला, बाई, हा कापून टाकतो, एका दुपारचं काम हाय, मजुरी बी नको, मंग पोरगी आपली आपली बाहेर येईन, शाळेपर्यंत जाईन, देवळापर्यंत जाईन. करवत होती त्याच्या हातात. मी म्हन्लं, नाही रे बापा, उंबरा लक्ष्मीचा, आमच्या सासूबाईले नाही चालनार. कडूबा माह्याकडे पाह्यतच राह्यला. म्हन्ला, रुखमाबाई त वारल्या ना?

वारल्या होत्या. तवाच पाच वर्षं झाले होते वारून.

एकच उंबरा, सहदेवा. तिनं त्याच्यानं तुह्या बापाले बाहेर ठेवलं. मी म्हन्त होती, सासू कशी, काळजाची कठीन. आन् मी तिच्याच नावानं —

थांब.

वाजली. वाजली ना? तुले बी आयकू आली.

बेबी?

हे पाह्य. दाराच्या मागंच हाय. किती वेळची उभी हाय तू इथं? — उभी म्हन्ते, पाह्य, माहं बी डोकं. केव्हाची आली बाई? कपाच्या गोष्टीपासून? का त्याच्याही आधी? बोल ना. मले शिव्या दे, काही बी म्हन. मी — तुले झोप लागली असन म्हनून मी — बेबी, त्या उंबऱ्याले हात नको लावू, कुसळ जाईन बोटात.

काय म्हन्तं? कोनाले? — त्याले म्हन्ते, सहदेवभाऊ, तुमी आत या. मले नाही काही म्हनत. त्यालेच म्हन्ते.

त जा ना. उभा काऊन राह्यला? मी कुठं अडवून राह्यली. हा घे टेप. तू मोज. माह्या हातानं नको, माहे हात वाढीचे धरते. चाकाच्या या नटापासून त्या नटापर्यंत मोज, मधात ढील नको देऊ. — उंबऱ्यावर पाय पडला? पडू दे. पडू दे म्हन्लं ना, पुढं हो. चिंध्या बाजूले सार पायानं. मी इथंच बसते. इथूनच आयकते.

किती?

मोठ्यानं सांगा सहदेवभाऊ, तिले आयकू आलं पाहिजे.

पंचवीस. — लिही बेबी, पंचवीस. तुह्या हातानं लिही, खाली रेघ मार. हापिसाचं पत्र कोठीत हाय, डाव्या अंगाले, भाऊ काढून देतीन, ज्वारी झटकून घ्या त्याच्यावरची. उद्या गाडीनं हेच घेऊन जातीन, परवा हापिसात देतीन, नवाले पोचलं त दहाच्या आत पोचलं. पोचते ना भाऊ? पोचते म्हन्ते. — बेबी, पोचते म्हन्ते ते. आयकलं का? — कागद वढला तिनं. बरं. नको बोलू. लिही.

झालं? दाखवू नका मले, माह्याजवळ चष्मा नाही. घडी घाला, खिशात ठेवा, वरच्या नाही, आतल्या. आन् हे पाहा, जातानी कडूबाच्या घरावरून जा. म्हना, गीताबाईनं बोलावलं, करवत घेऊन ये. आज. उद्या नाही, आज. काऊन म्हन्ला त सांगा, उंबरा हाय. आन् चार बोटं नको ठेवू म्हना, दोन नको ठेवू, जमिनीबराबर काप म्हना. बेबी बोटीवर जाईन ते या दारातून स्वतः जाईन.

जा आता. — कप राहू द्या, मी धुते. आन् तो कोनाड्यातला बी द्या इकडे, जाता जाता. हो, तोच. ठेवा इथं.

जा म्हन्लं ना भाऊ. उन्ह उतरून राह्यलं, पाचवं झंपर अर्धं हाय माहं.